गंगेत १,१०० प्रकारचे फेज आहेत, मग पाणी शुद्ध आहे का? नागपूरच्या आकड्याचा अर्थ समुद्राकडून समजून घेऊ

प्रयागराजला २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाकुंभ सुरू असताना एक आकडा मोबाईलवर जोरात फिरत होता. गंगेच्या पाण्यात १,१०० प्रकारचे ‘बॅक्टेरियोफेज’ असतात, ते रोगजंतूंना खाऊन टाकतात, त्यामुळे कोट्यवधी लोकांनी स्नान केलं तरी गंगा शुद्धच राहते, असा त्या मजकुराचा सूर होता.

त्याच दिवसांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल राष्ट्रीय हरित लवादासमोर आला. संगमाच्या परिसरात वेगवेगळ्या दिवशी तपासलेल्या पाण्यात फीकल कोलिफॉर्म, म्हणजे माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून येणारे जीवाणू, आंघोळीसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते, असं त्यात म्हटलं होतं. ही मर्यादा १०० मिलिलिटर पाण्यामागे २,५०० आहे. मग फेब्रुवारी संपताना मंडळाने दुसरा अहवाल दिला. आकड्यांचं सांख्यिकी विश्लेषण केल्यावर पाणी आंघोळीला योग्य होतं, असं तो सांगत होता. झालं! एका बाजूचे लोक पहिला अहवाल शेअर करू लागले, दुसऱ्या बाजूचे दुसरा, आणि वाद मिटवायला म्हणून मध्ये तो १,१०० चा आकडा येत राहिला.

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. तो नागपूरचा आहे. पण तो जे सांगतो आणि त्याच्या तोंडी जे घातलं जातं, यात बरंच अंतर आहे.

आकडा आला कुठून?

नागपूरमध्ये ‘नीरी’ आहे, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. करोनाच्या काळात मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना देण्याची सोपी चाचणी आली होती, ती आठवत असेल. ती इथलीच. संस्थेच्या पर्यावरणीय विषाणूशास्त्र विभागाचे डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली होती.

गंगेचे ‘विशेष गुणधर्म’ तपासण्याचं काम केंद्र सरकारने याच संस्थेकडे दिलं. गोमुखापासून गंगासागरापर्यंत पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेतले गेले, तुलनेसाठी यमुना आणि नर्मदाही होत्या. २०१९ मध्ये या अभ्यासाच्या बातम्या आल्या आणि त्यात तो आकडा होता: गंगेत जवळपास १,१०० प्रकारचे फेज, यमुना आणि नर्मदेत त्या प्रमाणात २०० पेक्षा कमी. २०२५ मध्ये पुन्हा बातम्या आल्या. त्यानुसार नीरीच्या शास्त्रज्ञांनी गंगेच्या स्वतःला साफ करण्याच्या गुणाचं श्रेय तीन गोष्टींना दिलं: फेज, हिमालयातल्या वनस्पतींतून येणारी टर्पीन नावाची द्रव्यं आणि पाण्यात विरघळलेला भरपूर ऑक्सिजन.

फॉरवर्डमध्ये कधीच न दिसणारी एक गोष्ट २०१९ च्या बातम्यांत होती. हे फेज सगळ्या गंगेत सारखे नाहीत. वरच्या हिमालयातल्या भागात ते जास्त सापडले, मैदानात उतरल्यावर कमी होत गेले. प्रयागराज मैदानात आहे.

फेज म्हणजे नक्की काय?

फेज हा विषाणूच, पण त्याचं भक्ष्य माणूस नाही, जीवाणू आहे. तो जीवाणूच्या अंगावर चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आतली सगळी यंत्रणा आपल्या पिल्लांसाठी राबवतो आणि शेवटी जीवाणू फोडून डझनावारी, कधी शेकडो नवे फेज बाहेर पडतात. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासातही उरकू शकतं.

दुसरा एक मार्गही आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. काही फेज जीवाणूला मारत नाहीत. ते आपला डीएनए त्याच्या डीएनएत बसवून टाकतात आणि पिढ्यानपिढ्या शांत राहतात. कधीकधी जाताना यजमानाला नवं शस्त्रही देऊन जातात. कॉलराचंच उदाहरण घ्या. कॉलराच्या जीवाणूचं जे विष माणसाच्या शरीरातलं पाणी आतड्यात खेचून घेतं, त्या विषाचा जनुक मुळात एका फेजचा आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे त्या फेजच्या वाटेला न गेलेला तोच जीवाणू बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो. ‘फेज म्हणजे चांगले विषाणू’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

आणि फेज भलताच चोखंदळ असतो. कुलूप-किल्लीसारखं त्याचं काम चालतं. एका जातीच्या जीवाणूवर, अनेकदा त्या जातीतल्याही ठराविक वाणांवरच त्याची किल्ली लागते. ई. कोलायचा फेज टायफॉइडच्या जीवाणूकडे सहसा ढुंकून पाहत नाही. कावीळ पसरवणारे हेपटायटिस ए आणि ई, जुलाब करणारा नोरोव्हायरस, हे तर स्वतःच विषाणू. त्यांच्यावर फेज काहीच करू शकत नाही. कारखान्यांतून आलेल्या रसायनांवरही नाही.

‘प्रकार’ मोजायचे कसे?

इथे नागपूरहून थेट समुद्रावर जायला हवं, कारण फेजचे प्रकार मोजण्याचा खरा धडा विज्ञानाला समुद्राने दिला.

जुनी पद्धत अशी. बशीत एकाच जीवाणूचा पातळ थर वाढवायचा, त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. फेज असेल तर थरात स्वच्छ ठिपके पडतात. ठिपके मोजले की फेज मोजले. पद्धत छान आहे, पण तिची एक अट आहे: ज्या जीवाणूचा थर तुम्ही वाढवला, त्याचेच फेज दिसणार. समुद्रातले बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढायलाच तयार नसतात. त्यामुळे कित्येक दशकं शास्त्रज्ञांना वाटत होतं की समुद्रात विषाणू फारसे नाहीत.

१९८९ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी बशी बाजूला ठेवली आणि पाण्यातले कण सरळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. आकडे पाहून सगळे चक्रावले. एका मिलिलिटरमध्ये लाखो-कोट्यवधी विषाणू. ढोबळमानाने सांगायचं तर समुद्राच्या पाण्याच्या एका चहाच्या चमच्यात काही कोटी विषाणू असतात, त्याच चमच्यातल्या जीवाणूंच्या साधारण दहापट. त्यातले बहुतांश फेज. किनाऱ्याजवळ ते जास्त असतात आणि खोल, मोकळ्या समुद्रात कमी. कारण साधं आहे. नद्या आणि गटारं किनाऱ्याला अन्न आणतात, अन्नावर जीवाणू वाढतात, जीवाणूंवर फेज.

संख्या कळली, तरी प्रकारांचा प्रश्न उरला होता. जीवाणूंची ओळख पटवायला एक सोय आहे: १६एस नावाचा एक जनुक सगळ्या जीवाणूंत असतो, तो वाचला की जात कळते. फेजना असा समान जनुकच नाही. सगळ्या फेजच्या आडनावांत एकही अक्षर सामाईक नाही असं समजा. दिसण्यावरून गट पाडायची जुनी रीत होती, लांब शेपटीचे, आखूड शेपटीचे, आकुंचन पावणाऱ्या शेपटीचे. पण डीएनए वाचल्यावर लक्षात आलं की सारखे दिसणारे फेज नात्याने एकमेकांपासून फार लांब असू शकतात. शेवटी विषाणूंचं वर्गीकरण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ही शेपटीवरून पाडलेली कुळं २०२२ मध्ये रद्दच करून टाकली.

मग उपाय काय? पाण्यातल्या सगळ्याच विषाणूंचा डीएनए एकत्र काढायचा आणि वाचायचा. समुद्राच्या पाण्यावर हे पहिल्यांदा २००२ मध्ये झालं, अमेरिकेत सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी. सुमारे दोनशे लिटर पाण्याचा एकेक नमुना. हिशेब मांडल्यावर विषाणूंचे प्रकार निघाले ३७४ ते ७,११४ च्या दरम्यान. एवढा मोठा फरक का, तर अंदाज बांधायची पद्धत बदलली की उत्तर बदलत होतं. आणि वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त तुकडे तोपर्यंत माहीत असलेल्या कशाशीच जुळत नव्हते. पर्यटक जिथे पोहतात, त्या किनाऱ्याच्या पाण्यातलं अर्ध्याहून जास्त जग अनोळखी निघालं.

पुढे ‘तारा’ नावाच्या शिडाच्या जहाजाने जगभरचे समुद्र फिरून नमुने गोळा केले. त्यांतून ओळखलेल्या विषाणूंच्या गटांची संख्या २०१५ मध्ये ५,४७६ होती, २०१६ मध्ये १५,२२२ आणि २०१९ मध्ये १,९५,७२८. चार वर्षांत समुद्रात विषाणू पस्तीसपट वाढले का? अर्थातच नाही. नमुने वाढले, यंत्रं सुधारली, मोजणी बदलली. इथे ‘गट’ म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागलं. दोन विषाणूंचा डीएनए ९५ टक्के किंवा त्याहून जास्त जुळला तर एक गट, नाहीतर दोन. ही रेघ ९० वर ओढली असती तर आकडा वेगळा आला असता.

आता गंगेच्या १,१०० कडे परत या. हे बशीत वेगळे काढलेले फेज की डीएनए वाचून ओळखलेले गट? किती लिटर पाण्यातून? किती ठिकाणांहून? किती जीवाणूंवर तपासून? हे प्रश्न सुटल्याशिवाय १,१०० हा आकडा मोठा की छोटा, हेच ठरत नाही. बातम्यांनुसार नीरीने ई. कोलायचं कुळ, साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ अशा आजार पसरवणाऱ्या पाच जीवाणू-गटांकडे लक्ष दिलं होतं. त्या कामासाठी ते योग्यच. पण मग हा आकडा ‘गंगेतले सगळे फेज’ असा होत नाही, आणि तो समुद्राच्या दोन लाखांशेजारी ठेवून हसण्यातही अर्थ नाही. गंगा आणि नर्मदा यांची तुलना मात्र एकाच पद्धतीने झाली होती. अभ्यासातला कामाचा भाग तोच आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच गळतो.

मग समुद्र निर्जंतुक का नाही?

समुद्रातले विषाणू दररोज तिथल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनापैकी सुमारे २० टक्के भाग मारतात, असा अंदाज आहे. दररोज! फॉरवर्डचं तर्कशास्त्र लावलं तर आठवडाभरात समुद्र उकळून गार केलेल्या पाण्यासारखा व्हायला हवा. पण एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा लाख जीवाणू आजही आहेत, अब्जावधी वर्षं असंच चाललं आहे.

कारण शिकार संपली तर शिकारीही संपतो. एखादा जीवाणू फार माजला की त्याचे फेज वाढतात आणि त्याला खाली आणतात. मग खायला उरत नाही म्हणून फेज कमी होतात. तेवढ्यात ज्या जीवाणूंच्या अंगावरचं कुलूप थोडं बदललं आहे ते वाचतात आणि वाढतात. मग नव्या किल्लीचे फेज येतात. फेजमध्ये जी अफाट जनुकीय विविधता दिसते ती याच न संपणाऱ्या झटापटीतून आलेली आहे. गावात उंदीर वाढले की मांजरं वाढतात. पण दहा रंगांची मांजरं दिसली म्हणून गावात उंदीर नाहीत, असं कोणी म्हणत नाही.

याचा अर्थ फेजचा काहीच उपयोग नाही असाही नाही. ढाक्यात पाण्यातल्या कॉलराच्या जीवाणूंची आणि त्यांच्या फेजची अनेक वर्षं नोंद ठेवली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की पाण्यात हे फेज भरपूर असताना जीवाणू आणि रुग्ण कमी असतात, आणि साथ ओसरायला फेजचीही मदत होते. पण ही मदत साथ चढल्यावर येते. आधी माणसं आजारी पडतात, त्यांच्या विष्ठेतून जीवाणू पाण्यात जातात, त्यांच्यावर फेज पोसले जातात आणि मग उतार सुरू होतो.

कोकण किनाऱ्याच्या खालच्या टोकाला, मंगळुरूत, कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत अंधारात चमकणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेयी या जीवाणूने पिल्लं मरायची. तिथल्या मत्स्यविज्ञान संशोधकांनी त्याचे फेज शोधून टाक्यांत वापरून पाहिले आणि पिल्लं जगण्याचं प्रमाण सुधारलं. हे जमलं, कारण शत्रू एक होता, ओळखीचा होता आणि त्याला लागू पडणारा फेज निवडून, वाढवून, मोजून टाकला होता. गंगेच्या फेजवर काशी हिंदू विद्यापीठात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जखमांसाठी काम झालं आहे, तेही याच तत्त्वावर. फेजची विविधता ही औषधांची खाण आहे. खाणीत उतरून डोळे मिटून हाताला लागेल ते गिळलं तर बरं वाटेल, असं मात्र नाही.

हॅन्किनची गोष्ट, पूर्ण

गंगेच्या फेजविषयी बोलताना अर्नेस्ट हॅन्किन यांचं नाव येतंच. आग्र्यात सरकारी रसायन परीक्षक आणि जीवाणूतज्ज्ञ असलेल्या या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की न उकळलेल्या नदीच्या पाण्यात कॉलराचे जीवाणू काही तासांत मरतात, पाणी उकळलं की हा गुण जातो. फेजचा शोध पुढे १९१५ ते १९१७ मध्ये लागला. त्यामुळे हॅन्किनना नकळत पहिल्यांदा फेज दिसले, अशी गोष्ट रूढ झाली.

या गोष्टीचे दोन तुकडे सहसा गाळले जातात. हॅन्किन यांच्या निबंधाच्या शीर्षकातच दोन नद्या आहेत, यमुना आणि गंगा. आणि २०११ मध्ये फेजचे अभ्यासक स्टीफन एबेडन आणि सहकाऱ्यांनी तो जुना निबंध बारकाईने वाचून म्हटलं की हॅन्किननी पाहिलेला परिणाम फेजचा असण्याची शक्यता कमीच आहे. हॅन्किन यांना स्वतःला तो पाण्यातल्या एखाद्या उडून जाणाऱ्या द्रव्याचा वाटत होता.

नियमांच्या पुस्तकात फेज कुठे आहे?

आता या सगळ्यातली सगळ्यात गंमतशीर गोष्ट. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत एमएस-२ या फेजचा उल्लेख येतो. हा ई. कोलायवर जगणारा फेज. आणि मानक सांगतं की एक लिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. युरोपियन युनियनच्या २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या नियमांतही शुद्ध करण्याआधीच्या पाण्यात ई. कोलायचे फेज तपासायला सांगितले आहेत, १०० मिलिलिटरमध्ये ५० पेक्षा जास्त निघाले तर पुढचं शुद्धीकरण नीट होतं आहे का हे बघायचं.

कारण उघड आहे. ई. कोलायचे फेज पाण्यात असतील तर तिथे ई. कोलाय आहे किंवा नुकता होता, आणि ई. कोलाय विष्ठेतून येतो. शिवाय हे फेज वागायला माणसाच्या आतड्यातल्या विषाणूंसारखे. गाळणीतून तसेच निसटतात, क्लोरीनला तसेच दाद देत नाहीत. २०१४ मध्ये माणसाच्या आतड्यातला ‘क्रॅसफेज’ नावाचा एक फेज केवळ डीएनएच्या तुकड्यांतून ओळखला गेला. पाण्यात माणसाचीच विष्ठा आहे की गुराढोरांची, हे ठरवायला आता तो जगभर वापरला जातो. मुंबईचं मैलापाणी वरळी आणि वांद्र्याहून नळांनी समुद्रात आत नेऊन सोडतात. तिथल्या पाण्यात फेजची विविधता कमी असेल, असं कोण म्हणेल?

नागपूरकरांना समुद्र लांब वाटतो, पण आपलं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि प्राणहिता होऊन ते पाणी सिरोंचाजवळ गोदावरीत उतरतं आणि बंगालच्या उपसागराकडे जातं. नाग नदीचा एक पेला पाणी फेजच्या शोधासाठी कुठल्याही प्रयोगशाळेला आवडेल. प्यायला कोणी मागणार नाही.

आता नाशिक

हा वाद प्रयागराजला संपलेला नाही. जाहीर वेळापत्रकानुसार नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा गोदावरीविषयी असेच मजकूर फिरतील. गोदावरीचं पात्र गंगेच्या तुलनेत लहान, रामकुंडावर जागा अरुंद आणि हिमालयाचं बर्फाचं पाणी पाठीशी नाही. भाविकांत लहान मुलं असतील, म्हातारी माणसं असतील, तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी पिणारे असतील.

तेव्हा फेजचे प्रकार किती, हा प्रश्न प्रयोगशाळेकडे राहू द्या. रामकुंडाच्या पाण्याविषयी काही शेअर करण्याआधी बघायचा आकडा एकच: फीकल कोलिफॉर्म, १०० मिलिलिटरमागे किती. तो कुठल्या घाटाचा, कुठल्या तारखेचा, स्नानाच्या गर्दीआधीचा की नंतरचा, हे सोबत लिहिलेलं हवं. आणि अनेक दिवसांचा मिळून एकच आकडा दिला असेल तर तो कसा काढला तेही. प्रयागराजच्या दुसऱ्या अहवालात मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १,४०० होता. २,५०० च्या मर्यादेत, बरोबर. पण मध्यक १,४०० असतो तेव्हा निम्मे नमुने त्याच्या वर असतात, आणि ते किती वर होते हे त्या एका आकड्यात दिसत नाही.